वहिनींचे सुटे अणू

आमच्या संस्थेत त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे, मॅडमही नाही. लहानथोर सगळे वहिनीच म्हणायचे. त्या संशोधक म्हणून रुजू झाल्या त्याच्या किती तरी आधीपासून त्यांचे यजमान आमच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना आम्ही मिस्त्री म्हणायचो. प्रयोगाला लागणारी स्टीलची भांडी, झडपा, पकडी, जे जे बाजारात मिळत नाही ते सगळं मिस्त्रींच्या हातून उतरायचं. मग मिस्त्रींची बायको ती वहिनी. त्या रुजू झाल्या त्या दिवशी विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर "या वहिनी, बसा" म्हटलं आणि जीभ चावली. वहिनी मोठ्यांदा हसल्या. "असू दे सर," म्हणाल्या, "नाहीतरी ओ द्यायची सवय त्याच हाकेची आहे."

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत होतो, म्हणून मी भावजी झालो. त्यांचं काम डोक्याचं आणि संगणकाचं, माझं भट्टीचं. अणू कुठे बसवायचा ते त्यांनी सांगायचं आणि मी तो तिथे बसवून दाखवायचा. निदान तसा प्रयत्न करायचा.

आमचं काम काय होतं ते थोडं सांगतो. कारखान्यांच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू मोठा आळशी, कोणाशी सहजासहजी रासायनिक संबंध जोडत नाही. पण त्याच्यातला एक ऑक्सिजन काढून घेतला तर कार्बन मोनॉक्साइड उरतो आणि त्यापासून इंधन, प्लॅस्टिक, अल्कोहोल, काय काय बनवता येतं. पाण्यात वीज सोडून हा ऑक्सिजन काढता येतो. त्यासाठी एक मध्यस्थ लागतो. तो काम घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. त्याला म्हणतात उत्प्रेरक. आमचा मध्यस्थ होता निकेल.

निकेलची गंमत अशी की त्याचा गोळा असला तर तो कार्बन डायऑक्साइडकडे ढुंकून बघत नाही, पाणी फोडून हायड्रोजनच काढत बसतो. पण त्याचे अणू सुटे केले, कार्बनच्या पातळ पत्र्यात एकेकटे बसवले आणि त्यांना आजूबाजूने नायट्रोजनच्या अणूंनी धरून ठेवलं, की तोच निकेल आपल्याला हवं ते काम मुकाट्याने करतो. एकटा असला की शहाणा, घोळक्यात गेला की वांड. आमची काळी पावडर सुरुवातीला झकास चालायची. मग हळूहळू गॅस मोजणाऱ्या यंत्रावर हायड्रोजन चढायला लागायचा. म्हणजे कुठेतरी अणू जागा सोडून उठले आणि एकमेकांना जाऊन चिकटले.

वहिनी वैतागायच्या. "जागा दिली, धरायला शेजारी दिले, तरी हा उठून जातोच कसा हो? त्याला काहीतरी खुपत असणार."

त्या अणूंबद्दल असंच बोलायच्या, घरातल्या पोरांबद्दल बोलावं तसं. हा नायट्रोजन ओढाळ आहे, तो कार्बन लाजतोय. बाहेरून आलेले पाहुणे चक्रावून जायचे, पण पाठोपाठ वहिनी जे आकडे सांगायच्या ते ऐकून सरसावून बसायचे.

मग एक काळ असा आला की वहिनी बदलल्यासारख्या वाटू लागल्या. व्हरांड्यात समोरून यायच्या आणि न बोलता निघून जायच्या. पडद्यावरची अक्षरं मोठी करत करत एका वेळी चारच शब्द मावतील इतकी केली होती आणि तरी नाक काचेला टेकलेलं. मला वाटलं, कामाचा ताण असेल. त्याच दिवसांत त्यांनी मला एक नवी कृती दिली. मी त्याप्रमाणे पावडरी भाजत गेलो, भाजत गेलो, हाताला काहीच लागेना. काजळी, नुसती काजळी.

एका सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"भावजी, चूक माझी आहे. तीनचा आकडा होता, मी आठ वाचला."

"घाईत होतं असं, वहिनी."

"घाईत नाही झालं. मला दिसत नाही."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्या उभ्यानेच सांगत होत्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधला भाग जातो, कडा राहतात. औषध नाही. डॉक्टरांनी काहीही लपवलं नव्हतं. पूर्ण अंधार होणार नाही एवढा मात्र शब्द दिला होता.

"आत्ता मला तुमचे कान दिसताहेत," वहिनी म्हणाल्या. "मध्ये नाक असेलच, या भरवशावर बोलतेय."

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचं काय करावं ते कळेना. वहिनींनी मात्र ते हसू ऐकलं आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले. नोकरी सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. माझे कष्ट फुकट गेले म्हणून आधी मला सांगायला आल्या होत्या. घरी मिस्त्रींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सोडायची तर सोडा, पण आधी सरांशी बोलू."

आमचे विभागप्रमुख म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. शाबासकी द्यायची वेळ आली तर खिडकीबाहेर बघायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"म्हणजे गेल्या वर्षीचं तुमचं काम असंच झालं?"

"हो सर."

"ते काम चांगलं होतं," सर खिडकीकडे बघत म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि स्टोअरला सांगितलं की मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मागवा आणि मोठ्यात मोठा पडदा द्या. फोन ठेवून वहिनींना म्हणाले, "महिनाभर ऐकायची सवय करा. बाकीचं नंतर. आणि यांना कृती द्याल ती दोनदा वाचून घ्या, म्हणजे ह्यांची भट्टी वाचेल."

बाहेर आल्यावर वहिनी भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "ओरडतील म्हणून तयारी करून गेले होते हो," त्या म्हणाल्या. "माणूस असं वागला तर काय करायचं, त्याची तयारीच नव्हती केली." डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, आता घरचा गड."

घरचा गड म्हणजे सासूबाई. त्या शिवणकाम करायच्या. बाजारातल्या कपड्यांच्या दुकानात उमेदीची सगळी वर्षं लांबी-रुंदी कमी-जास्त करून देण्यात गेली होती. आता गुडघे बोलत होते, म्हणून खिडकीशी मशीन मांडून घरीच जमेल तेवढं शिवायच्या. जीभ मात्र अजून दुकानातलीच, कात्रीसारखी. त्या दिवशी मी वहिनींना सोडायला गेलो होतो. मिस्त्रीही नुकतेच आले होते. चहा झाला तशी वहिनींनी "आई, एक सांगायचंय" म्हणून सुरुवात केली.

"आधी माझं ऐक," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली बोलताना तू माझ्याकडे बघत नाहीस. भलतीकडेच बघतेस. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग, मला असं मनात ठेवलेलं चालत नाही."

वहिनी हळूच म्हणाल्या, "बघते ना, आई. तुम्ही दिसाव्यात म्हणूनच बाजूला बघते. समोर बघितलं की तुमचा चेहरा जातो."

मशीनचं चाक फिरत होतं ते सासूबाईंनी तळव्याने थांबवलं. वहिनींनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत असावं. मग त्यांनी मुलाकडे मान वळवली. "तुला ठाऊक होतं?" मिस्त्रींनी मान हलवली. पुढे मिस्त्रींना जे ऐकावं लागलं ते वर्कशॉपमध्ये त्यांना ऐकवायची कोणाची छाती झाली नसती. मी चहाच्या रिकाम्या कपात बघत राहिलो. सगळं झाल्यावर सासूबाई उठल्या, सुनेच्या खुर्चीला अगदी बाजूने चिकटून बसल्या आणि म्हणाल्या, "इथे बसले तर दिसते का?"

"दिसता."

"मग आजपासून इथेच बसत जाईन. त्यात काय एवढं."

संगणक वाचून दाखवायला लागला तशा वहिनी पुन्हा कामाला जुंपल्या. इतक्या वेगाने ऐकायला शिकल्या की आम्हाला ते तव्यावर पाण्याचे थेंब तडतडावेत तसं वाटायचं, त्या मात्र मान डोलवत आकडे टिपायच्या. पण एक अडचण राहिलीच. "आकडे कळतात, भावजी," त्या म्हणायच्या, "आकार कळत नाही. पूर्वी चित्र बघितलं की कोण कुठे बसलंय ते कळायचं. आता म्हणजे फोनवरून भांडण ऐकल्यासारखं झालंय. आवाज सगळे येतात, पण कोण कोणाच्या अंगावर गेलं ते समजत नाही."

घरी एकदा त्या टेबलावर बोटाने अणूंची मांडणी काढत बसल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, "किती कोनांचं आहे ते?"

"सहा. एकाला एक लागून, मधमाशांच्या पोळ्यासारखं."

सासूबाईंनी बटणांचा डबा काढला आणि जुन्या घोंगडीचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्बनचा पत्रा तयार झाला, शर्टाच्या चपट्या बटणांचा. वहिनींनी त्यावरून बोटं फिरवली. एकेक कोन मोजला. मग म्हणाल्या, "आई, इथे पाचच आहेत."

"सहावं बटण संपलं."

मी बाजारातून किलोभर बटणं आणून दिली. नायट्रोजनसाठी कापड मढवलेली, म्हणजे बोटाला फरक कळावा. निकेलसाठी कोटाचं पितळी बटण. सासूबाई त्याला "तुझा पाहुणा" म्हणायच्या. "पाहुणा कुठे बसवू? खिडकीशी की आत?" असं त्या विचारायच्या आणि वहिनी तितक्याच गंभीरपणे कडेची जागा किंवा मधली जागा सांगायच्या. एकेक मांडणी, एकेक घोंगडीचा तुकडा. त्यांच्या संगणकाशेजारी त्या तुकड्यांची चळत लागली. कोण्या पाहुण्याने विचारलं तर विभागप्रमुख चेहरा न हलवता सांगायचे, "ती आमची साधनसामग्री आहे."

एकदा वहिनींनी हट्ट धरला की नुसती जागा नको, उंचीही हिशेबाबरहुकूम हवी. ते काम मिस्त्रींकडे गेलं. त्यांनी प्रत्येक बटणाखाली बसतील अशा पातळ चकत्या घासून दिल्या. बायकोच्या दुखण्याबद्दल त्यांनी माझ्याशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं, पण त्या चकत्या बघितल्या आणि मला सगळं कळलं. धारसुद्धा मोडली होती, बोटाला लागू नये म्हणून.

ज्या रविवारी तो तुकडा पुरा झाला त्या रविवारी दुपारी मला निरोप आला, लगेच या. मी गेलो तर वहिनी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या.

"भावजी, हात द्या." त्यांनी माझा तळवा त्या घोंगडीवर ठेवला आणि हळूच सरकवला. "लागलं?"

मध्येच पितळी बटण तळव्याला अडलं. "लागलं."

"हा वर आलाय. शेजाऱ्यांच्या रांगेत नाहीच तो."

निकेलला तीनच नायट्रोजननी धरलं की तो पत्र्याच्या किंचित वर राहतो, हे आम्हाला आकड्यात माहीत होतंच. पण शेकडो आकड्यांतला तो एक, तोही इतका बारीक. आम्ही चित्रं कायम वरून बघत आलो होतो आणि वरून बघताना उंची कळत नाही.

वहिनी भराभरा बोलत होत्या. "उघड्यावर बसलाय हो बिचारा. काम झालं की कार्बन मोनॉक्साइड सुटून जातो ना, तो जाता जाता याला धरून ओढत असणार. आपण सगळा वेळ बघत राहिलो की शेजाऱ्यांनी नीट धरलंय का. खालून धरायला कोणी आहे का, हे बघितलंच नाही!"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "बटण तुटलं का?"

"नाही आई, घट्ट आहे."

"मग ओरडतेस कशाला?"

पुढचे काही महिने वहिनी एकाच प्रश्नाच्या मागे होत्या. निकेलच्या खाली आधाराला कोणता अणू द्यायचा? गंधक देऊन पाहिला, हिशेबात त्याने इतकं घट्ट धरलं की निकेल कामच करेना. ऑक्सिजनची पकड मध्येच सुटायची. शेवटी त्यांनी पहिल्या पत्र्याखाली दुसरा पत्रा कल्पिला आणि त्यातल्या एका नायट्रोजनने वरच्या निकेलला खालून हात द्यायचा, असं मांडलं. ते जमलं. "आता उठून गेलास तर बघ," असं त्या पडद्याला म्हणताना मी ऐकलंय.

हिशेबात जमणं वेगळं आणि भट्टीत जमणं वेगळं. दोन पत्रे एकावर एक नेमके बसवायचे, त्यांच्यात धातू अडकवायचा आणि तो गोळा होऊ द्यायचा नाही. माझ्या पहिल्या पावडरी कचऱ्यात गेल्या. दाब सहन करणारं एक छोटं भांडं हवं होतं, ते मिस्त्रींनी करून दिलं, गळलं म्हणून मोडून पुन्हा करून दिलं. वहिनी रोज दारात येऊन विचारायच्या, "काय म्हणतेय भट्टी?" आणि मी काही बोललो नाही की त्यावरून ओळखून म्हणायच्या, "होईल. मी कुठे जातेय."

आणि एका पावडरीत तो हायड्रोजन चढलाच नाही. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग वहिनींना सांगितलं.

"यंत्र बिघडलं असेल," त्या म्हणाल्या.

"तपासलं."

"पुन्हा तपासा."

पुन्हा तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. आठवडा उलटला, महिना उलटला, हायड्रोजन जिथल्या तिथे. आता एकच पुरावा बाकी होता, अणू खरोखर सुटे बसलेत का ते प्रत्यक्ष बघण्याचा. इतकं बारीक बघणारा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. नमुना दुसऱ्या संस्थेत पाठवला. त्यांच्याकडून चित्रं आली ती आम्ही सगळे पडद्याभोवती गर्दी करून बघत होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके, एकेक वेगळा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की ज्यांनी हे अणू बसवले त्या मागे भिंतीशी उभ्या आहेत. वहिनी मान तिरपी करकरून बघत होत्या, पण ठिपके फिके होते, त्यांना ते लागत नव्हते. "छान आलंय ना?" त्या म्हणाल्या. "सांगा की कोणीतरी नीट."

मिस्त्री तेव्हा दाराशी होते. ते चित्राची एक मोठी प्रत घेऊन गेले. दोनेक दिवसांनी जेवणाच्या सुट्टीनंतर ते पितळी पत्रा घेऊन आले. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्यांनी मागच्या बाजूने ठोकून उंचवटा काढला होता, तसाच, त्याच अंतरावर. पत्रा त्यांनी वहिनींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "बघ."

वहिनींनी दोन्ही तळवे त्यावर टेकले. मग एका कडेपासून बोटं निघाली, सावकाश, ओळीने. "एकटा," त्या पुटपुटत होत्या. "हाही एकटा. हा एकटा." खालच्या कोपऱ्यात बोटं थबकली. "इथे चार-पाच जण जमलेत."

"तेवढेच आहेत," मी म्हटलं. "बाकी सगळे सुटे."

"असू देत." त्यांनी कोपऱ्यातल्या त्या घोळक्यावर बोट फिरवलं. "सगळेच ऐकणारे निघाले असते तर मीच म्हटलं असतं की यंत्र बिघडलंय." मग मिस्त्रींच्या बाहीला धरून त्या इतकंच म्हणाल्या, "अहो, दिसलं मला." मिस्त्री कावरेबावरे होऊन आमच्याकडे बघत राहिले. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत होते.

आमचा लेख छापून आला तेव्हा शेवटच्या आभारात वहिनींनी सासूबाईंना घातलं. मी तो भाग त्यांना घरी वाचून दाखवला. "पृष्ठभागांचे नमुने शिवून दिल्याबद्दल आम्ही ऋणी आहोत," हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "ऋणी कशाला? घरातलंच काम होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुन्हा वाच जरा." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी शेजारणीला बोलावून आणलं आणि मला तिसऱ्यांदा वाचावं लागलं.

आमच्या पावडरीने जग बदललं, असं मी म्हणणार नाही. तिच्यापेक्षा सरस पावडरी आता इतर लोक करतात. त्यातल्या काहींनी खालून आधार देण्याची आमची कल्पना घेतली, याचा वहिनींना कोण आनंद. कोणी तसं लिहिलेलं ऐकलं की पुन्हा लावून ऐकतात. त्यांची नजर डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथे येऊन थांबली आहे. कडा शाबूत आहेत. सासूबाई अजून बाजूलाच बसतात.

एका चुन्याच्या भट्टीच्या मालकाने आमची पावडर घातलेलं यंत्र त्याच्या धुराड्याशी चाचणीसाठी बसवून घेतलं. कपाटाएवढं आहे, धुरातला थोडासाच भाग त्यातून जातो. गेल्या महिन्यात आम्ही ते बघायला गेलो, वहिनी, मिस्त्री आणि मी. तिथे एक ऑपरेटर होता, पांढऱ्या धुळीने माखलेला. वहिनींनी नळीवर हात ठेवला, आतून जाणाऱ्या वायूची थरथर हाताला लागत होती. त्यांनी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय," तो म्हणाला. "सकाळी येऊन बघतो, संध्याकाळी जाताना पुसून काढतो. धूळ फार बसते इथे."

"रोज पुसता?"

"रोज."

वहिनींनी मान तिरपी केली, त्याचा चेहरा कडेने नजरेत आणला आणि त्याचे मनापासून आभार मानले. तो बुजला. आभार कशाबद्दल ते त्याला कळलं नसावं. फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "चहा घेणार ना?" आणि आम्ही सगळे त्याच्यामागून निघालो.